मागची खोली आणि बागेतली वाट

दुपारी चारच्या सुमारास जिन्यात गाठ पडली, की ओयासान भिंतीला पाठ लावून बाजूला उभ्या राहायच्या. मला वाट द्यायला नव्हे. मी वरच्या टोकाला असायचे, त्या खालच्या. मधल्या सगळ्या पायऱ्या रिकाम्या. त्या रिकाम्या पायऱ्यांवरून कोणीतरी सावकाश उतरून जायला लागेल तेवढा वेळ त्या थांबायच्या, मान किंचित लववायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, ये आता. गेली ती."

पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, "कोण गेली?"

"विधवा," त्या म्हणाल्या. पोस्टमन येऊन गेला म्हणावं इतक्या सहज.

ओयासान हे काही त्यांचं नाव नव्हतं. जपानीत घरमालकाला ओयासान म्हणतात. योकोहामाच्या टेकडीवर, बंदराकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्यांच्या लाकडी घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि तेव्हा सात वर्षांची ईरा. ओळखीची बाकीची मराठी कुटुंबं उरायासूला नाहीतर कोतोला, लिफ्टच्या इमारतींत राहायची. गणपतीला सगळे जमले की हमखास कोणीतरी विचारायचं, "तुम्हाला त्या भुताच्या घरात काय सापडलं हो?" नवरा म्हणायचा, "भाडं कमी आहे आणि भूत वेळेवर येतं. आणखी काय पाहिजे?"

ओयासान इंग्रज होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, उंच, वाकायला तयार नसलेल्या. तरुणपणी इंग्रजी शिकवायला म्हणून जपानला आल्या त्या परत गेल्याच नाहीत. खालच्या मजल्यावर त्या आणि साचिको-सान अशा दोघीच. साचिको-सान त्यांचं घर सांभाळायच्या. सत्तरीच्या, बुटक्या, निळा एप्रन. एप्रनच्या खिशात कायम त्यांचा हान्को, म्हणजे नावाचा छोटा गोल शिक्का. कुरिअर आलं की उठवायला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्या तीस वर्षं राहत होत्या. माझ्याशी जपानीतच बोलायच्या, तेही मोजकं. ओयासानही त्यांच्याशी जपानीतच बोलायच्या. त्यांना इंग्रजी येत नसणार, असं मी धरून चालले होते.

हे सगळं आत्ता का लिहितेय ते शेवटी कळेल. मी फार बोलणारी बाई नाही. या एका गोष्टीबद्दल तर नवऱ्याशीही कधी बोलले नाही.

ओयासानच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कपडे, फोटो असलं काही नव्हतं. त्यांच्या घराण्यातल्या माणसांची मृत्युपत्रं होती. मूळ कागद नव्हेत, नकला. बऱ्याचशा त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेल्या. इंग्लंडातल्या कुठल्याशा परगण्यात त्यांचं जमीनदार घराणं होतं. मोठं दगडी घर, कुळं, शेतं, मेंढरं. पिढ्यान्‌पिढ्यांचे कागद. त्यांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा दर बुधवारी दुपारी ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मला नोकरी नव्हती, ईरा शाळेत. मी वाचायचे, त्या डोळे मिटून ऐकायच्या. कागद त्यांना पाठ होते. मी एखादा शब्द गाळला की बोट वर व्हायचं.

प्रत्येक मृत्युपत्राची सुरुवात एकाच वाक्याने व्हायची: मी अमुक, शरीराने अशक्त परंतु बुद्धीने शाबूत. ओयासाननी ते वाक्य रोजच्या वापरात घेतलं होतं. "कशा आहात?" विचारलं की उत्तर तेच, "शरीराने अशक्त, बुद्धीने शाबूत." डॉक्टरांनाही तेच सांगायच्या.

त्या माणसांची नावं त्या कधी घेत नसत. थोरला, धाकटा, विधवा, वांझ आत्या, समुद्रात गेलेला. आणि सगळ्यांबद्दल वर्तमानकाळात बोलायच्या. "थोरल्याला ते घड्याळ दक्षिणेच्या भिंतीवर चालत नाही." मग योकोहामातल्या त्या घरात ते घड्याळ उत्तरेच्या भिंतीवर. खिडकीजवळ एक उंच पाठीची खुर्ची होती, तिच्यावर कोणी बसायचं नाही. कुठल्याशा आजोबांनी ती बहिणीला देऊन ठेवली होती आणि बहिणीने ती कोणालाच दिली नव्हती. "म्हणजे खुर्ची अजून तिचीच," ओयासान म्हणायच्या. "जिवंत माणसं विनंती करतात. मेलेली हुकूम सोडतात. आणि मेलेल्याला परत विचारता येत नाही, म्हणून त्याचं ऐकावंच लागतं."

विधवेबद्दलचा मजकूर मी इतक्यांदा वाचलाय, की आजही म्हणून दाखवीन. घर, जमीन, गुरं सगळं थोरल्या मुलाला. आणि 'माझ्या पत्नीला, ती असेतो, स्वयंपाकघरामागची खोली, चुलीजवळची जागा, पुरेसं सरपण, आणि जिन्यावरून व बागेतून विहिरीपर्यंत विनाअडथळा जाण्यायेण्याची वाट.' स्वतःच्याच घरात फिरायला परवानगी. मला पहिल्यांदा हसू आलं होतं.

"हसू नकोस," ओयासान म्हणाल्या. "तिच्याकडे तेवढंच आहे."

"पण 'ती असेतो' असं लिहिलंय. ती तर केव्हाच गेली. आणि तो जिना इंग्लंडात राहिला."

"गेली हे तिला कोणी लेखी कळवलंय?" आणि पुढे, "हक्क जिन्याला चिकटलेला नसतो, माणसाला असतो. आमचं बिऱ्हाड जिथे, तिथे तिची वाट."

सुरुवातीला आम्ही वर येऊन त्यांची नक्कल करायचो. पण माणसाला कशाचीही सवय होते. वर्षभरात ईरा चार वाजता जिन्यात असली की आपोआप भिंतीला टेकायची. साचिको-सान ट्रे हातात धरून वाकायच्या. एकदा नोव्हेंबरात, घरात कोणी नसताना, मीही टेकले. समोरून ओल्या लोकरीचा वास खाली गेला. पाऊस नव्हता. मी कोणाला सांगितलं नाही.

वस्तूंखाली त्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. किटलीखाली, आरशामागे, उशीच्या अभ्र्यात. ही वस्तू कोणाची व्हायची त्याचं नाव. वरच्या मजल्यावर, आमच्या भिंतीतल्या कपाटात, अगदी आतल्या फळीखाली मला एक पिवळी पडलेली चिठ्ठी मिळाली होती. 'जी मुलगी इथे राहील तिच्यासाठी.' नाव नाही. फळीसाठी, कपाटासाठी की कशासाठी तेही नाही. मी ती परत जागेवर चिकटवली. पण ती माझ्या मनातून गेली नाही, हे इथेच कबूल करते.

त्यांची स्वतःची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. वडिलांनी घर आणि शेती भावाला दिली. यांना चांदीचे सहा चमचे आणि 'लग्न होईतो स्वयंपाकघरावरची खोली'. भावाची बायको आली, मग खोलीत तिची पिठाची पिंपं आली. "मी चमचे उचलले आणि बोटीत बसले. आमच्यात मुलग्यांना जमीन मिळते, मुलींना चमचे. दोनशे वर्षं चमचेच."

"मग हे घर तुम्ही कोणाला देणार?"

"भावाच्या थोरल्याला."

मी थक्क झाले. तो पुतण्या त्यांना ख्रिसमसचं कार्डही पाठवत नसे.

"घर थोरल्याच्या थोरल्यालाच जातं," त्या म्हणाल्या. "तो नियम मी मोडला, तर मग माझ्यावर तो का लादला गेला? काही अर्थच राहणार नाही त्याला." आणि लगेच, स्वयंपाकघराकडे मान वळवून, "साचिकोला मागची खोली, न्हाणीघर आणि बागेतून फाटकापर्यंतची वाट. ती असेतो. पुतण्या तिला हलवू शकणार नाही. तेवढं मी करणार."

साचिको-सानना कोणी नव्हतं. धाकटी बहीण होती, तीही गेलेली. ती खोली गेली तर या वयात त्यांना कुठे जायचं, हा प्रश्न त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता.

ओयासान दर वर्षी नवं मृत्युपत्र करायच्या. सप्टेंबरच्या अखेरीस, ज्या दिवशी त्यांच्या गावी कुळं खंड भरायला येत, त्या दिवशी. वकिलाकडून टाइप होऊन यायचं, इंग्लंडच्या रीतीचं. मजकुरावर टिपकागद झाकलेला, फक्त सह्यांची जागा उघडी. आधी त्या सही करणार, मग त्यांच्यादेखत दोन साक्षीदार. सह्या होऊन शाई वाळेपर्यंत खोलीत कोणी अवाक्षर काढायचं नाही. मग त्या विचारणार, "वाळलं?" साक्षीदाराने बोटाची मागची बाजू टेकवून म्हणायचं, "वाळलं." की जुना कागद बागेत पेटवायचा. चार वर्षं साक्षीदार मी आणि माझा नवरा.

"तुला रागबिग नाही ना?" पहिल्या वेळी त्यांनी विचारलं होतं. "जो सही करतो त्याला काही मिळत नाही. त्यालाही नाही आणि त्याच्या जोडीदारालाही नाही. हा नियम आहे. ज्याला काही देऊन ठेवायचं त्याच्याकडून सही घ्यायची नसते."

"राग कसला," नवरा म्हणाला. "आम्ही भाडेकरू माणसं."

नियमाची एक गोष्टही होती. त्यांच्या एका पणजोबांना आजारपणात एका मोलकरणीने सांभाळलं. त्यांनी तिला एक झोपडी लिहून दिली. सहीच्या वेळी एक साक्षीदार कमी पडला, तिलाच बोलावलं, तिने सही केली. झोपडी गेली.

"तिला माहीत नव्हतं?"

"तिला कसं असणार? पण पेन तिच्या हातात देणाऱ्याला होतं." ओयासाननी डोळे मिटलेलेच ठेवले. "प्रत्येक पिढीत एकजण असतो पेन पुढे करणारा."

आता माझं सांगते.

पाचव्या वर्षी बाबा गेले. त्यांची कोथरूडची जागा होती. धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, एक हक्कसोडपत्र करून टाकू या ना. फॉर्मॅलिटी आहे गं, बाकी काही नाही. सगळ्या बहिणी करतात." मी म्हटलं, बरं. टोकियोला वकिलातीत जाऊन कागदावर सही केली, शिक्का मारून घेतला, पाठवला. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "राजीखुशीने ना?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं ते. पण परत येताना स्टेशनवर मी तीन गाड्या सोडल्या. भावाने नंतर पैठणी पाठवली. खरंच सुरेख होती, मोरपिशी.

ओयासानना दाखवायला खाली नेली. त्यांनी काठावरून बोटं फिरवली. "तुला हे मिळालं?"

"हो."

"आणि त्याला?"

"जागा."

त्यांनी साचिको-सानना चमचे आणायला सांगितले, साडीच्या घडीवर ते एकेक करून ओळीने मांडले आणि बराच वेळ तसेच राहू दिले. मग म्हणाल्या, "या वर्षी तू सही करू नकोस. तुझ्या नवऱ्यानेही नाही."

मी वर आले आणि कपाटातल्या फळीखालची चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. जी मुलगी इथे राहील तिच्यासाठी. त्या दिवसापासून मी वरच्या मजल्याचे पडदे मापायला लागले. नवरा म्हणाला, "अगं, भाड्याच्या घराला कोणी स्वतःच्या पैशाने पडदे शिवतं का?" मी म्हटलं, "असू दे." घर पुतण्याला जाणार हे मला माहीत होतं. पण साचिको-सानना जशी मागची खोली, तसा मला वरचा मजला, ती असेतो. असं मी मनातल्या मनात लिहूनही टाकलं होतं. आयुष्यात एकदा कोणीतरी मला काहीतरी देणार होतं.

त्या सप्टेंबरात ओयासानना फक्त उजेड आणि अंधार एवढंच दिसत होतं. ठरलेल्या दिवशी वादळाचं शेपूट योकोहामावरून जात होतं. वाऱ्यामुळे गाड्या बंद. शेजारचे म्हातारे कप्तान, निवृत्त जहाजी माणूस, छत्री मोडून का होईना पण आले. दुसऱ्या साक्षीदार चर्चमधल्या एक बाई होत्या, त्या कावासाकीला अडकल्या.

"उद्या करू या," मी म्हटलं.

"उद्या खंडाचा दिवस नाही," ओयासान म्हणाल्या. आदल्या आठवड्यात त्या दोनदा पडल्या होत्या. चेहरा मेणासारखा झाला होता. "कोण कोण आहे घरात?"

"कप्तान. साचिको-सान. मी."

"मग तुलाच करावी लागणार." त्यांनी बोटांनी पेन चाचपलं. "तुझं जे आहे ते जाईल. माहीत आहे ना?"

"काय आहे ते?"

"ते विचारायचं नसतं."

त्यांनी पट्टीच्या आधाराने सही केली. मग कप्तानांनी केली. पेन माझ्या हातात आलं. साचिको-सान चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभ्या होत्या. माझी बोटं सहीच्या ओळीपर्यंत गेली. मला वकिलातीतला तो काउंटर दिसला, 'राजीखुशीने ना?' म्हणणारा तो माणूस. पुन्हा नाही, असं काहीतरी माझ्या आत म्हणालं. नीट शब्दांत नव्हे.

मी पेन साचिको-सानच्या पुढे केलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर टाळली नाही, हे सर्वांत वाईट. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पेन घेतलं, चार अक्षरं काढली. कांजी लिपीचे तुटक फटकारे. माझ्या सहीचा आवाज तसा येत नाही. मग सवयीने एप्रनमधून हान्को काढला, त्यावर 'हाऽ' करून मोठा श्वास सोडला आणि कागदावर दाबला. कप्तानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना काय माहीत?

ओयासानची मान त्या श्वासाच्या दिशेला वळली. सावकाश, खिडकी उघडावी तशी. त्यांचे पांढुरके डोळे साचिको-सानवर थांबले, मग माझ्यावर. सह्या चालू होत्या, बोलायचं नव्हतं. वारा घराला धरून हलवत होता आणि कागदावर तो लाल गोल ओला दिसत होता.

"वाळलं?" अखेर त्यांनी विचारलं.

मी बोट टेकवलं. "वाळलं."

दुसऱ्या दिवशी चार वाजता ओयासान जिन्याच्या तळाशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खूप वेळ. मान लववली नाही. मी वरून विचारलं, "येऊ?"

"ती आलीच नाही," त्या म्हणाल्या. "कोणीतरी वाट अडवलीय. अजून वरच आहे."

वर आम्ही राहत होतो.

मग चहा. साचिको-साननी कप ठेवला आणि दाराशी उभ्या राहिल्या. ओयासान माझ्याशी एरवी इंग्रजीत बोलायच्या, त्या दिवशी जपानीत म्हणाल्या, "आज काही सांगायचं आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानंतर रोज. चारला जिना, मग चहा, मग तोच प्रश्न, जपानीत. मी 'नाही' म्हटलं की त्या मान हलवायच्या आणि साचिको-सान माझा न प्यायलेला चहा उचलून न्यायच्या. नवा कागद करायला एक दिवस पुरला असता. नुसती दोन वाक्यं बोलायची होती मला. रोज वर येताना ठरवायचे, उद्या. ईरा तेव्हा बारा वर्षांची होती. एक दिवस आमच्या वरच्या बोळात भिंतीला टेकून उभी दिसली. "काय गं?" विचारलं तर म्हणाली, "मी दोझो म्हणतेय. पण पुढे जातच नाही ती." दोझो म्हणजे 'या, जा'. मी तिला रागावले. त्या आठवड्यात आमच्या खोल्यांत ओल्या लोकरीचा वास इतका भरला, की नवऱ्याने सगळी पांघरुणं धुवायला काढली.

तीन आठवडे असे गेले. बाविसाव्या दिवशी सकाळी साचिको-सान वर आल्या, दाराबाहेर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "ओयासान आज उठल्या नाहीत."

वकिलाने महिन्याभराने आम्हाला बोलावलं. चांगला माणूस होता; ओशाळला होता. म्हणाला, मृत्युपत्र कायदेशीर आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. फक्त साक्षीदाराला दिलेलं तेवढं रद्द होतं. म्हणजे मागची खोली, न्हाणीघर आणि बागेतली वाट. घर पुतण्याचं. पुतण्याने ते रिकामं करून मागितलं होतं.

"आणि तुमच्यासाठी," त्याने माझ्यापुढे एक पुरचुंडी ठेवली आणि मजकूर वाचला: 'वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मुलीला, मुलींना आमच्यात जे नेहमी मिळत आलं ते.'

सहा चमचे होते.

सही केली असती तर मी फक्त सहा चमचे गमावले असते.

साचिको-सान एका बॅगेनिशी निघाल्या. दारात त्यांनी मला कमरेत वाकून नमस्कार केला, इतकी वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल आभार मानले. मग सरळ होत विचारलं, "त्या दिवशी सही मी नीट केली होती ना?"

"हो," मी म्हटलं. "छान केली होतीत."

त्या बागेतल्या फरशांवरून फाटकाकडे गेल्या. मी जिन्याशी उभी होते. माझ्या खांद्याला घासून काहीतरी खाली उतरलं आणि उघड्या दारातून त्यांच्या मागोमाग गेलं. फाटक दोनदा वाजलं.

घर पाडलं. आता तिथे गाड्या लावायची जागा आहे. आम्ही खालच्या वस्तीत फ्लॅट घेतला. चमचे मी कधी वापरले नाहीत, कोणाला दाखवले नाहीत. दर नववर्षाला साचिको-सानचं शुभेच्छांचं कार्ड यायचं. छापील मजकूर आणि खाली तो लाल गोल शिक्का. सहा वर्षं. मी ती कार्डं पालथी ठेवायचे.

यंदाच्या कार्डावर शिक्क्याखाली हाताने लिहिलेली एक ओळ होती, थरथरत्या अक्षरात. ईराने टेबलावरून उचलून वाचली. ती आता कॉलेजात जाते. "आई, विचित्रच लिहिलंय. 'आज काही सांगायचं आहे का?' काय विचारतायत त्या?"

मी त्याच दिवशी गेले. कोतोमध्ये सरकारी वृद्धाश्रमात तिसऱ्या मजल्यावर एक अरुंद खोली. साचिको-सान फार लहान झाल्या होत्या. खिडकीशी एक खुर्ची होती, पण त्या पलंगावर बसल्या होत्या आणि मलाही त्यांनी खुर्चीवर बसू दिलं नाही, स्टूल दाखवलं. घड्याळात चार वाजत आले होते.

मी सांगितलं. इथे लिहिलंय तितकंच, माझ्या मोडक्या जपानीत. मध्ये त्यांनी एकदाही टोकलं नाही.

"शिक्क्यावर कोणी इतक्या जोरात श्वास सोडतं का?" शेवटी त्या म्हणाल्या. "ओयासानना ऐकू जावं म्हणून सोडला होता मी."

"म्हणजे तुम्हाला..."

"सही होताना बोलायचं नसतं. म्हणून तेवढंच केलं. त्यांनी ऐकलं."

"मग त्यांनी थांबवलं का नाही? आणि नंतर तुम्ही का नाही बोललात? तीन आठवडे होते!"

"ते तुम्ही सांगायचं होतं," त्या म्हणाल्या, शांतपणे. "त्या विचारायच्या. मी दाराशी थांबायचे. आम्ही दोघी वाट बघायचो. तुमचा चहा गार होईपर्यंत. रोज."

मी पुरचुंडी सोडली, चमचे त्यांच्या पांघरुणावर ठेवले आणि हात जोडले. "हे तरी घ्या."

साचिको-सान उठल्या, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, उघड्या दाराकडे मान किंचित लववली. कोणीतरी जाईपर्यंत तशाच थांबल्या. मग त्यांनी चमचे माझ्याकडे सरकवले आणि पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. स्वच्छ, ठाशीव, डोळे मिटून, ओयासानच्या आवाजात.

"जो सही करतो," त्या म्हणाल्या, "त्याला काही मिळत नाही."